दाराचं दुसरं टोक

इम्ले सिटी, मिशिगन
१६ एप्रिल २०१९

वेंडेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून चालते. पत्ता बेथच्या नाताळच्या कार्डावरून घेतला. तुझी मुलगी तुझ्यासारखी नाही, दरवर्षी न चुकता कार्ड पाठवते. तिला रागावू नकोस.

कामाचं आधी सांगते. तुझी डार्ट गाडी अजून आहे. आपल्या बाबांनी तुला फोनवर सांगितलं होतं की भंगारवाला घेऊन गेला, ते खोटं होतं. तू ॲरिझोनाला गेल्यावर त्यांनी ती मागच्या कोठारात नेऊन ठेवली, वरून प्लॅस्टिकचा जाड कागद घातला आणि चारी बाजूंनी दोरीनं आवळून बांधला. पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून. खालची जमीन मातीची आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मातीतली ओल वर येत राहिली आणि त्या कागदाखाली कोंडून राहिली. एक्केचाळीस वर्षं. वरून बघितलं तर गाडी बरी दिसते. खाली वाकून बघितलं तर पलीकडची कोंबडी दिसते.

फेब्रुवारीत बर्फाच्या वजनानं कोठाराचं अर्धं छप्पर बसलं. गाडी बाहेर काढणं भाग पडलं. शेजारच्या ओटिस गेन्सनं ट्रॅक्टरला साखळी बांधून ती ओढली आणि माझ्या गॅरेजात आणून उभी केली. ओटिस तुला आठवत असेल. माझ्या शेजारी येऊन त्याला आता बारा वर्षं झाली.

मी ती दुरुस्त करणार आहे. हसू नकोस. मला एकाहत्तरावं लागलंय आणि गाडीतलं मला फक्त सीट शिवता येतं, तेही तू जाणतोस. पण गाड्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी सुई चालवलीय, हात अजून थरथरत नाही. वाचनालयातून पुस्तक आणलंय. ओटिस वेल्डिंग शिकवतो म्हणालाय.

मला ही गाडी धड करून तुझ्या हाती द्यायची आहे. तू इथे यावंस, तीत बसावंस आणि ती चालवत न्यावीस, एवढंच मला हवंय. का हवंय ते आत्ता विचारू नकोस. माझ्या नवऱ्याचं, रॉयचं, नाव या पत्रात मी काढणार नाही. तुला ते नको असतं हे मला माहीत आहे. तो गेल्यावर तू पाठवलेलं एका ओळीचं कार्ड मी अजून ठेवलंय.

उत्तराची सक्ती नाही.

आर्डिस


९ मे २०१९

वेंडेल,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं मलाही वाटलं नव्हतं. तरी लिहिते, कारण या कामाबद्दल बोलायला ओटिसशिवाय कुणी नाही, आणि तो मध्येच बेसबॉलवर जातो.

गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली. एकेक बोल्ट सोडवते. सोडवते म्हणजे पाचांतला एक सुटतो, दोघांची डोकी तुटून हातात येतात आणि उरलेल्या दोघांना तेल पाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा विनवण्या कराव्या लागतात. सुटलेले बोल्ट केकच्या भांड्यांत ठेवते, एकेका खळग्यात एकेका जागेचे, आणि वर चिकटपट्टीवर नाव लिहिते. कारखान्यात आम्ही हुक असेच ठेवायचो. ओटिस म्हणाला, "आर्डिस, तू गाडी बांधतेयस की बेकरी टाकतेयस?" मी म्हटलं, "तुझ्या गॅरेजात साधा पाना शोधायला तुला दोन दिवस लागतात. तू बोलू नकोस."

उंदरांनी मागच्या सीटमध्ये तीन पिढ्या काढल्या असाव्यात. सगळा कापूस उपसून टाकला. सीटच्या स्प्रिंगांखाली एक पुठ्ठ्याचं कार्ड सापडलं. शहात्तरच्या संपातलं तुझं, कारखान्याच्या गेटवरच्या युनियनच्या पहाऱ्याचं कार्ड. आठ आठवड्यांचे आठ शिक्के आहेत. नववा चौकोन कोरा.

ते हातात घेऊन मी बादलीवर बसले. वेंडेल, इथे लोकांनी त्यानंतर तुझ्याबद्दल असं काही बोलायला सुरुवात केली, की जणू तू पहिल्या दिवसापासूनच मालकाचा माणूस होतास. मीही त्यांत होते. युनियनच्या स्वयंपाकघरात शेंगांचं सूप ढवळता ढवळता मीही तेच बोलले. आणि तू आठ आठवडे त्या थंडीत, त्या पिंपातल्या शेकोटीपाशी उभा राहिला होतास. नवव्या आठवड्यात तुझी नोरीन दोन महिने आधीच बाळंत झाली, बेथ काचेच्या पेटीत होती, आणि तू गेट ओलांडून कामावर गेलास. आणखी दोन आठवड्यांनी संप मिटला. हे सगळं तुला माहीतच आहे. मला फक्त ते एकदा तसंच्या तसं लिहून बघायचं होतं.

कार्ड पुसून ठेवलंय. हवं असेल तर पाठवते.

आता पुढचं काम म्हणजे दारांखालचे पत्र्याचे उंबरे. दोन्ही बाजूंचे पार कुजलेत, बोट घातलं तर आरपार जातं. सोमवारपासून ग्राइंडरनं कापायला घेणार. नवे पत्रे येऊन पडलेत. ओटिस मुलीकडे टोलिडोला गेलाय, तीन आठवड्यांनी येईल. तोवर कापाकापी उरकून ठेवते, म्हणजे आला की थेट वेल्डिंगला लागता येईल.

उजवं दार बरं आहे. डाव्याला मी हात लावलेला नाही.

आर्डिस


२८ मे २०१९

वेंडेल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र छान आहे. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि पत्रपेटीपाशीच मला मटकन बसावंसं वाटलं, पण चिखल होता.

तू लिहिलंयस, "उंबरे कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी दांडे वेल्ड कर, नाहीतर गाडी मधोमध बसेल. एका वेळी एकच बाजू." कार्ड बुधवारी आलं. मी मंगळवारी कापून मोकळी झाले होते. दोन्ही बाजू.

आता तू कपाळावर हात मारला असशील. मार. या गाडीला खाली वेगळी चौकट नसते, पत्रा हाच तिचा सांगाडा, आणि त्यातही ते दोन उंबरे म्हणजे तिचा कणा, हे पुस्तकात होतं. अडतिसाव्या पानावर. मी पंचेचाळिसावं उघडून बसले होते, कारण त्यावर कसं कापायचं त्याची चित्रं होती. नीट कापलं मी. शिंप्यासारखं रेघ मारून सरळ कापलं. मग उजवं दार उघडलं, आतला कचरा झाडला आणि दार ओढलं, तर ते लागेना. कुलपाचा खिळा बोटभर खाली गेलेला. डावं दार तर उघडेचना. गाडी मधून वाकली होती. मी स्वतःच्या हातानं तिचा कणा काढून बाजूला ठेवला होता.

त्या दिवशी मी रडले, हे सरळ लिहून टाकते. गाडीसाठी नाही. मला वाटलं, हीही मी बिघडवून ठेवली.

ओटिसला फोन केला. तो मुलीकडचं जेवण सोडून दुसऱ्या दिवशीच आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून बघितलं आणि म्हणाला, "काय गं, ही गाडी आहे की झोपाळा?"

"हसून झालं असेल तर काय करायचं ते सांग."

"मला वेल्डिंग येतं. दारं जुळवणं हे माझं काम नव्हे. आपल्या कारखान्यात दारं जुळवणारा एकच होता आणि त्याला आपण—" एवढं बोलून तो थांबला आणि जॅक आणायला म्हणून निघून गेला.

म्हणून विचारते. गाडी वाकली, ती परत सरळ करता येते का? येत असेल तर कशी? तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही. भंगारात घाल असं लिहायचं असेल तर तेही लिही, पण लिही.

आर्डिस


२४ जून २०१९

वेंडेल,

तीनही कार्डं मिळाली. क्रमांक घातलेस ते बरं केलंस, तिसरं पहिल्याच्या आधी आलं.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मधोमध दोन जॅक लावले, वर जाड फळी. एका वेळी पाव फेरा, मग थांबायचं, दाराची फट बघायची. रंग ढवळायची लाकडी पट्टी फटीत वरपासून खालपर्यंत सारखी सरकली पाहिजे, कुठे अडता कामा नये आणि कुठे डुगडुगता कामा नये. सहा दिवस आम्ही पाव-पाव फेरा करत होतो. ओटिस म्हणाला, "माझ्या लग्नाच्या वेळी मी एवढा विचार केला नव्हता." मी म्हटलं, "ते तुझ्या बायकोनंही मला सांगितलं होतं."

सातव्या दिवशी उजव्या दाराच्या फटीत पट्टी सारखी सरकली. डाव्यालाही. दांडे वेल्ड केले, मग दारं उतरवली, मग नवे उंबरे बसवले. डाव्या उंबऱ्याचं निम्मं वेल्डिंग माझं आहे. ओबडधोबड आहे, पण घट्ट आहे. ओटिसनं हातोडी मारून बघितली आणि दुसऱ्या बाजूला वळला, म्हणजे बरंच झालं असावं.

तुला सांगते, गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. सकाळी उठल्यावर हाताला काम असतं आणि दुपारी पत्रपेटीत निवडुंग असतो.

तिसऱ्या कार्डात खाली तू विचारलंयस, "डावं दार कसं आहे? पुट्टीखाली बघितलंस का?"

दार टेबलावर ठेवलंय. त्याचं पुढच्या पत्रात लिहिते.

आर्डिस


११ जुलै २०१९

वेंडेल,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. तीन चुलीत गेली.

डाव्या दारावरची पुट्टी मी काल काढली. तू फार जाड भरली होतीस, खरवडायला निम्मा दिवस गेला. खाली ती चार अक्षरं आहेत. संपफोड्या या अर्थाची, आपल्या भाषेत चारच अक्षरांत मावणारी. चाळीस वर्षांच्या गंजानं ती उलट ठळक झालीत. खाली काय आहे ते मला पुट्टी काढायच्या आधीपासून माहीत होतं. तुलाही माहीत होतं, म्हणूनच तू विचारलंस.

रॉय गेला तेव्हा तू कार्डावर लिहिलंस, "माझ्या गाडीवर त्यानं जे लिहिलं ते मी विसरलेलो नाही." मी ते वाचलं आणि खणात ठेवलं. तेव्हाच पत्र लिहायला हवं होतं. त्याच्याही पस्तीस वर्षं आधी लिहायला हवं होतं.

ते रॉयनं लिहिलेलं नाही. मी लिहिलं.

कसं ते सांगते. नोरीन इस्पितळात होती. मी तिच्यासाठी सूप घेऊन गेले, निळ्या झाकणाच्या डब्यातून. दुपारची वेळ होती, पहिली पाळी सुटली होती. इस्पितळाच्या आवारात तुझी डार्ट उभी दिसली. त्याच सकाळी तू गेट ओलांडताना मी बघितलं होतं. माझ्या समोरून गेलास, मान खाली घालून. सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "आर्डिस, तुझाच भाऊ ना गं?" मी म्हटलं, "माझा कुणी नाही." अंगावर युनियनच्या स्वयंपाकघरातही घालायचे तो कामाचा ॲप्रन होता आणि खिशात सीट शिवायची टोकदार आरी राहून गेली होती. सूप मी खाली जमिनीवर ठेवलं. आरीनं ती अक्षरं कोरली, पत्र्यापर्यंत. मग सूप उचललं, वर गेले, नोरीनला चमच्यानं भरवलं. ती म्हणाली, "तुझ्याशिवाय कुणीच आलं नाही गं." मी तिचे केस विंचरले आणि घरी आले.

दोन दिवसांनी युनियनच्या हॉलमध्ये कुणीतरी विचारलं, वेंडेलच्या गाडीवर नक्षी कुणी काढली? माझं तोंड पांढरं पडलं असणार, कारण रॉयनं माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. "मी," म्हणाला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तुझ्यापर्यंत ते पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. घरी आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "तुझा भाऊ आहे. माझ्यावर राहिलं तर तुमचं कधीतरी जुळेल." पस्तीस वर्षं त्यानं ते अंगावर वागवलं आणि मला एकदाही ऐकवलं नाही. त्याच्या मातीला तू आला नाहीस, त्याचं कारण मी. त्यानं तुझं काहीही वाईट केलं नव्हतं. तुझा राग ज्या माणसावर होता, तो त्या दिवशी त्या पेटीत नव्हताच. तो बाहेर उभा राहून लोकांशी हात मिळवत होता.

आणखी एक. संप मिटल्यावर तू पुन्हा दारांवर आलास. एका दाराला दोन माणसं लागतात, एक बिजागरीपाशी आणि एक दुसऱ्या टोकाला. तुझ्या दाराचं दुसरं टोक कुणी धरेना. फोरमन ओरडून दमला. अकरा महिने तू ती दारं एकट्यानं उचललीस, गुडघा देऊन, आणि तुझा खांदा गेला. माझं शिवणयंत्र समोरच होतं, वेंडेल. मी रोज बघत होते. मान वर करून बघायचे आणि परत शिवायला लागायचे.

माफी माग असं तू म्हणणार नाहीस, आणि नुसत्या शब्दानं ती मिळेल असं मलाही वाटत नाही. मला फक्त रॉयच्या नावावरून हे उतरवायचं होतं. ते कार्ड सोबत पाठवतेय, आठ शिक्क्यांचं. ते तुझ्याकडे असायला हवं.

आर्डिस


३० ऑगस्ट २०१९

वेंडेल,

सात आठवडे झाले. मी रोज पेटी बघते. पोस्टमन लांबूनच मान हलवतो.

तू लिहीत नाहीस, ते बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर पाकीट परत पाठवलं असतं. तू ते परत पाठवलं नाहीस, एवढ्यावर मी सध्या आहे.

गाडीचं सांगते, कारण ती तुझी आहे. मधला पत्रा पूर्ण झाला. सीटं मी शिवली, काळ्या रेक्झिनची, उभ्या शिवणींची, पहिल्यासारखी. त्यांना मात्र कुणाच्या बापाला नावं ठेवता येणार नाहीत. इंजिन ओटिसनं उघडून झाकलं. परवा ते सुरू झालं. आवाजानं कोंबड्यांनी अंडी द्यायचं थांबवलंय.

दारं अजून टेबलावर आहेत. ओटिसनं भंगारवाल्याकडून एक डावं दार शोधून आणलं. दक्षिणेकडच्या गाडीचं, गंजाचा ठिपका नाही. तो म्हणाला, "हे लाव आणि ते जुनं मला दे. मी ते वितळवून टाकतो, कुणाला कळायचं नाही." मी म्हटलं, वेंडेलला विचारल्याशिवाय नाही. तो म्हणाला, "वेंडेल उत्तर देत नाही." मी म्हटलं, "मग दार लागणार नाही."

मग त्यालाही सगळं सांगितलं. आरीचं, सूपाचं, रॉयचं. तो गॅरेजच्या दारात पाठमोरा उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "त्या दारांवर त्याचा जोडीदार कोण होता, ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होतं.

"दुसरं टोक माझं होतं," ओटिस म्हणाला. "अकरा महिने मी हात खिशात घालून उभा होतो. तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. एकदाच म्हणाला होता, ओटिस, नुसता बोटाचा आधार दे. मी ऐकू न आल्यासारखं केलं."

बारा वर्षं आम्ही शेजारी आहोत, एकमेकांचं गवत कापतो, आणि हे दोघांपैकी कुणीही कधी बोललं नव्हतं. त्या दिवशी आम्ही काम केलं नाही. त्यानं कॉफी घेतली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आला.

बर्फ वितळवायला रस्त्यावर पत्रा खाणारं मीठ पडायच्या आत गाडी बाहेर निघायला हवी, म्हणजे ऑक्टोबरअखेर. नंतर एप्रिलपर्यंत ती मी आतच ठेवीन. पुन्हा मिठात घालणार नाही, आणि प्लॅस्टिकमध्ये बांधणार तर मुळीच नाही.

नवं दार की जुनं, एवढं तरी कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

आर्डिस


२ ऑक्टोबर २०१९

वेंडेल,

पुडकं काल आलं. ओटिस समोरच होता. मी कात्री शोधत होते, तर त्यानं दातांनीच सुतळी तोडली.

आतला मेपलचा ठोकळा त्यानं लगेच ओळखला. एका बाजूनं गोल झालेला, मधे गुडघ्याचा खळगा पडलेला. "हा त्याचाच," म्हणाला. "दार कुठे अडलं की हा मधे घालून गुडघ्यानं दाबायचा, आणि दार आज्ञाधारक पोरासारखं बसायचं." मग त्यानं तो उलटा केला. खालच्या अंगाला तू पेन्सिलीनं लिहिलेलं आम्ही दोघांनी वाचलं.

"जुनंच दार. एकटीनं लावू नकोस. शनिवार, १२."

पत्र नाही, माफ केलं असं नाही, रागाचा शब्द नाही. पुडकं दोनदा झाडून बघितलं. त्यातून आणखी काही निघालं नाही, आणि आणखी काही नको होतं मला. एवढं चाळीस वर्षांत कुणी मला दिलेलं नाही.

बेथशी फोनवर बोलले. ती गाडी चालवणार आणि तू शेजारी बसून चुका काढणार, असं ठरलंय म्हणे. तीन दिवस तिला ते सहन करावं लागणार, देव तिचं भलं करो. तुझी जुनी खोली लावून ठेवलीय. जेवायला शेंगांचं सूप असेल. नोरीन गेल्याचं बेथच्याच कार्डातून कळलं होतं. ते सूप तिनं त्या दिवशी सगळं संपवलं होतं. तुझ्या वाट्याला ते आलंच नाही.

जुनं दार घासून, गंज काढून, राखाडी रंगाचा एक हात देऊन ठेवलंय. अक्षरं भरली नाहीत. तशीच दिसतात. ती पुट्टीनं पुन्हा भरायची की ठेवायची, ते तुझं तू बघ. भरायची म्हणालास तर घासायचं काम माझं. ठेवायची म्हणालास तर तू गाडी गावातून नेशील तेव्हा मी त्याच दाराच्या मागच्या सीटवर काच खाली करून बसेन, आणि कुणी विचारलं की हे कुणी केलं, तर मी सांगेन.

आल्यावर फाटकापाशी थांबून हॉर्न वाजवत बसू नकोस. ते उघडंच ठेवणार आहे. सरळ आत ये.

खांदा आता कसा आहे ते बेथनं सांगितलं. जड उचलायचं तुला काही नाही. तू बिजागरीपाशी उभं राहायचंस, बोल्ट लावायचे आणि आमच्यावर ओरडायचंस. दुसऱ्या टोकावरून मात्र कालपासून इथे भांडण पेटलंय. ओटिस म्हणतो ती जागा त्याची, बेचाळीस वर्षं रिकामी आहे, आता तो कुणाला देणार नाही. मी म्हटलं, दारावर लिहिलंय कुणी? मी. तर ते टोक मी धरणार. तो म्हणतो, बाई, तुझ्यानं ते पेलायचं नाही. मी म्हटलं, न पेललं तर पायावर पडेल, पण धरणार मीच. आम्ही दोघंही हटायला तयार नाही.

तू येऊन काय ते ठरव.

आर्डिस